योगीराजनं गाणं बंद केलं तेव्हा

योगीराजचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू यायचा. मडगार्डावर स्पीकर, टपावर स्पीकर आणि सीटखाली तर असलं धूड, की गाणं लागलं की बसणाऱ्याच्या बरगड्या वाजाव्यात. ऊस कारखान्याला निघाला की ढोकी गावातल्या माणसांना दळणाला जाताना त्याचं गाणं, मयताला जाताना त्याचंच. बायको महेश्वरी म्हणायची, ह्या माणसाशी संसार करायचा तर हातवारे शिकून घ्यावे लागतात. लोक शिव्या घालायचे. त्या तरी त्याला कुठं ऐकू येत होत्या म्हणा!

पण कारखान्याच्या रांगेत ह्या गाण्यांना एक काम असतं. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडल्या की ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. मागच्याचं गाणं ऐकू येतंय तोवर सगळं ठीक. ते मधेच बंद पडलं, तर टायर बसलं, ट्रॉली जोडायची पिन तुटली, नाहीतर माणसाचं काहीतरी झालं. मग पुढच्यानं आपलंही बंद करायचं आणि उतरून बघायला जायचं. हा नियम कुणी घातला देव जाणे, पण मोडत कुणी नाही.

त्या दुपारी योगीराज रांगेच्या शेवटी होता. मागून गणपती मंडळाची जीप आली. मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून ही जुनी गाडी घेतलेली, गावातल्या आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायला. शिवराज ती फुकट चालवायचा. हॉर्न बडवून बडवून तो थकला, शेवटी उतरून पळत आला आणि योगीराजची मांडी गदागदा हलवली.

जीपमध्ये ऊसतोडीला आलेली अयोध्या होती, मांडीवर तिची लेक अक्षदा. भरल्या बैलगाडीवर चढताना पोरगी घसरली आणि चाक पावलावरून गेलं. बाप लांबच्या फडात. त्याला निरोप धाडलेला. पाय लुगड्यात गुंडाळलेला, लुगडं लाल झालेलं. पोरगी रडत नव्हती, नुसती बघत होती. योगीराजला तेच सोसवेना.

पुढं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग, दुसऱ्या अंगानं रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉल्या. वाट अशी नव्हतीच. रांगेतला नंबर सुटू नये म्हणून इथं सख्खे साडू एकमेकांची गचांडी धरतात. योगीराजनं क्षणभर पुढं पाहिलं आणि बटण दाबून गाणं बंद केलं.

त्याच्या पुढं म्हातारा शरणबसप्पा होता. त्यानं दचकून आपलं बंद केलं आणि उतरून आला. जीपमध्ये डोकावला, तसाच उलटा फिरला. मग त्याच्या पुढचं गाणं थांबलं, त्याच्याही पुढचं. शांतता पुढं पुढं सरकत पार गेटापर्यंत गेली, आणि शिवराजचा हॉर्न पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला. एकेक ट्रॅक्टर कडेला झुकायला लागला.

सगळ्यात आधी वळला तो योगीराज, आणि फसलाही तोच. कडेची माती भुसभुशीत. चाक रुतलं, ट्रॉली कलली, ऊस शेतात सांडला. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. समोरून येणाऱ्यांना हात करत तो जीपच्या पुढं पळत सुटला आणि वाट मोकळी झाल्यावर जीपमध्ये चढला.

धाराशिवच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मंडळाची पोरं रक्त द्यायला रांगेनं उभी राहिली. सुई बघितली की पळणारा योगीराजही डोळे गच्च मिटून आडवा झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, शिरा जोडल्यात. सकाळपर्यंत पायात रक्त फिरलं, बोटं हलली, तर पाऊल राहील.

"आन् न्हाय हलली तर?" अयोध्यानं विचारलं.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शिवराज तिच्यापाशी थांबला. योगीराज अंधार पडताना परतला, तर त्याची ट्रॉली बाहेर काढलेली, ऊस पुन्हा भरलेला आणि ट्रॅक्टर शरणबसप्पाच्या मागं, आपल्या नंबरावर उभा. पण रांगेत एकही गाणं नव्हतं. त्यानं म्हटलं, लावा की आता.

"तू बंद केलंस," शरणबसप्पा म्हणाला. "तू लाव, मग आमी लावतो."

योगीराजचा हात बटणापर्यंत गेला आणि माघारी आला. "लेकराचं कळू द्या, मामा."

मग काय, सगळी रांग मुकी. उजाडता उजाडता ढोकीतली दोन-चार माणसं काळजीनं विचारायला आली, कारखाना बंद पडला का काय?

उन्हं वर आली तेव्हा फोन वाजला. अयोध्या होती.

"भाऊ, बोटं हलवायली ती. अंगठा बी हलला."

योगीराजला चांगलं ऐकू आलं होतं. तरी तो म्हणाला, "पुन्हा सांगा, अक्का." तिनं पुन्हा सांगितलं. मागून बारीक आवाज आला, गाण्यावाला मामा हाय का?

डोळे पुसत त्यानं बटण दाबलं आणि फोन स्पीकरपाशी धरला. शरणबसप्पानं मागं वळूनही बघितलं नाही, आपलं गाणं लावलं. मग त्याच्या पुढच्यानं, मग त्याच्याही पुढच्यानं. गेटापर्यंत नुसता कालवा झाला. फोनमध्ये पोरगी खिदळत होती.

त्या दिवशी ढोकीत योगीराजला कुणी शिवी घातली नाही.