केसरबाईंची बालवाडी आणि भगवानरावांची तिफण

उंद्रीच्या केसरबाई सातवी पास होत्या आणि त्रेसष्ट सालापासून गावची बालवाडी चालवत होत्या. खेळणी म्हणाल तर एक तुटकं कुलूप, एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ आणि पाहिजे तेवढी माती. दुपारी न्यायला आलेल्या आयांना आपलं लेकरू कोणतं, ते तोंड धुतल्याशिवाय कळत नसे. त्यावरून बाईंना बोलणी खावी लागत. पण त्यांचा नेम एकच होता: खोला खुशाल, फक्त काय कुठून काढलं ते सांगता आलं पाहिजे.

खोली भगवानरावांची, त्यांच्या गोठ्याला लागून. त्यामुळे बालवाडी सारी त्यांच्या मर्जीवर.

दसरा झाला, रब्बीची पेरणी आली. भगवानरावांनी पावसाळाभर गोठ्यात पडलेली तिफण अंगणात आणली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बैलांना पाण्यावर घेऊन गेले. परत येऊन पाहतात तो काय, दोर सुटलेला, बी टाकायचं लाकडी चाडं एका पोराच्या डोक्यावर, आणि चाड्यातलं बी खाली जमिनीत नेणाऱ्या तिन्ही बांबूच्या नळ्या चिखलात. त्यांतून पाणी ओतणं चाललेलं.

केसरबाई आत कुणाचा तरी शेंबूड पुसत होत्या, त्या धावत आल्या.

भगवानराव आवाज चढवत नसत, त्याचीच जास्त भीती वाटे. ते म्हणाले, "बाई, पूजा केलेली तिफन हाय. उद्या पेरनी. आता खोली खाली करा."

चिखल करणाऱ्या वीस लेकरांना गावात दुसरं कोण खोली देणार? केसरबाई काही बोलणार तोच पाच वर्षांची शालू एक नळी घेऊन आली. तिची तक्रार वेगळीच होती.

"बाई, याच्यातून पानी येऊनच नाही राह्यलं. काऊन?"

भगवानरावांनी नळी घेतली, उजेडाकडे धरून डोळा लावला. अंधार. काडी घातली ती मधेच अडली. टोकरलं तशी वाळल्या मातीची ढेकळं पडली. कुंभारमाशीनं आत ऐसपैस घर बांधलं होतं. उद्या पेरणीच्या किती ओळी बियाविना कोरड्या गेल्या असत्या कोण जाणे.

"पूजा वरून केली," ते स्वतःशीच म्हणाले. "आत कोनं पाह्यलं?"

मग धोतरासकट तिथंच बसून त्यांनी नळी धुतली आणि बसवू लागले. शालूनं त्यांचा हात धरला. "आबा, थे मधातली नाही. कडची होय."

त्यांनी जागा बदलली. नळी चपखल बसली.

"खोलीचं राहू द्या, बाई," ते मान वर न करता म्हणाले. "पन गोठ्यातल्या वखराले हात लावू नका म्हना यायले."

केसरबाई हो म्हणाल्या आणि मटकन ओट्यावर बसल्या. मग कधी नव्हे त्या लेकरांवर ओरडल्या, की भगवानरावांच्या अंगावर पाणी उडवू नका.