तळ्याच्या पाळीवर देवकते मॅडम

देवकते मॅडमच्या प्रयोगशाळेत कुणीही आलं, तरी त्याला आधी एक खून बघावा लागे. प्राचार्यांचा शिपाई सही घ्यायला आलेला असो की पंखा दुरुस्त करणारा मिस्त्री, मॅडम त्याला सूक्ष्मदर्शकापाशी उभं करीत. काचपट्टीवर तळ्याच्या पाण्याचा एक थेंब असे. त्या थेंबात तिळाहून लहान, एकाच डोळ्याचा सायक्लॉप्स एखाद्या इवल्या पिल्लाला धरून फाडत असे. कधीकधी ते पिल्लू त्याच्याच जातीचं असे. बघणारा दचकून मागं सरला की मॅडम म्हणत, "साऱ्या तळ्यात दिसरात हेच चाललंय. आता बोला, काय काम हाय?"

मी उमरग्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा परिचर. काचा धुवायच्या, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि दर पंधरा दिवसांनी मॅडमबरोबर जळकोटच्या पुढच्या एका तळ्यावर जाळी घेऊन जायचं, हे माझं काम. एकोणीस वर्षं मी ते केलं. लोक म्हणायचे, माणिक, त्या बाईजवळ तू टिकलास कसा? कारण मॅडमचा राग तालुक्याला ठाऊक होता.

त्या धनगराच्या घरातल्या. वडील माळावर मेंढरं चारायचे. पावसाळ्यात खडकांच्या खळग्यांत पाणी साचलं, की त्यात काचेसारखे पारदर्शक, झिंग्यासारखे जीव पाठीवर उलटे पोहताना दिसत. चार-सहा आठवड्यांत डबकं आटायचं आणि सगळे मरायचे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर. लहानपणी मॅडम पालथ्या पडून ते बघत बसायच्या, आणि कळप पांगला म्हणून बापाचा मार खायच्या. पुढं शिकल्यावर त्यांना कळलं की त्या जीवांची अंडी कोरड्या चिखलात वर्षानुवर्षं तग धरतात आणि मेंढरांच्या खुरांना चिकटून या डबक्यातून त्या डबक्यात जातात. "माझ्या बापाला वाटायचं तो मेंढरं हाकतोय," त्या म्हणत, "खरं तर तो अंडी वाहत होता." त्यांच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत एक पांढरा व्रण होता. सातवीनंतर शाळा सोडत नाही म्हणून चुलत्यानं मारलेल्या काठीचा. तो त्यांनी कधी पदरानं झाकला नाही.

एकदा प्रॅक्टिकलच्या तासाला एका पोरानं जिवंत खेकड्याचे पाय एकेक करून उपटले आणि तो थोटा खेकडा मुलींच्या टेबलावर टाकला. मॅडमनी त्याच्या कानाखाली इतक्या जोरात मारली, की तो स्टुलासकट मागच्या कपाटावर आदळला. कपाटाची काच फुटली. त्याच्या ओठातून रक्त आलं.  मॅडम त्याच्या समोर उकिडव्या बसल्या आणि प्राणिशास्त्राचं पुस्तक पुढं धरून हळू आवाजात म्हणाल्या, "भुकेपायी मारलं असतंस तर म्या तुला खेकडा शिजवून दिला असता. गमतीपायी मारलंस. गमतीपायी मारणारा ह्या पुस्तकात कोणत्या पानावर हाय, ते मला शोधून दाखव." पोराच्या बापानं तक्रार केली. मॅडमनी हात उचलल्याबद्दल लेखी माफी मागितली, फुटलेली काच स्वतः बसवून घेतली. पण त्या वर्षी पुन्हा कुणी खेकड्याला उगाच बोट लावलं नाही.

त्यांचं खरं प्रेम होतं पाणपिसवांवर. कोंड्याएवढे, पाण्यात उड्या मारत पोहणारे जीव. मॅडम एकाच आईची पिल्लं दोन बरण्यांत वाढवायच्या. एका बरणीत स्वच्छ पाणी, दुसऱ्या बरणीत मासे ठेवलेल्या टाकीतलं गाळलेलं पाणी. मासा एकही नाही, फक्त त्याचा वास. काही दिवसांनी दुसऱ्या बरणीतल्या पिल्लांच्या डोक्यावर भाल्यासारखं टोकदार शिंग आलेलं असे, आणि शेपटीचा काटा लांब. पहिल्या बरणीतली बोडकीच. ते बघून मी पहिल्यांदा विचारलं होतं, एवढ्याशा जिवाला हे शिकवलं कुणी? मॅडम म्हणाल्या, "कुणी न्हाय. ज्यांना वास कळला न्हाय त्या खाल्ल्या गेल्या. ज्यांना कळला त्यांची ही लेकरं. मारणाऱ्यानंच घडवलंय ह्यांना, माणिक."

त्या तळ्याचा मासेमारीचा ठेका बरीच वर्षं नागनाथ नावाच्या माणसाकडे होता. दोन जीप, दोन भाऊ, आणि पंचक्रोशीत त्याच्या शब्दाला नाही म्हणणारं कुणी नाही. मग गावातल्या मासेमारांनी संस्था काढली आणि ठेका त्यांना मिळाला. त्यांनी मत्स्यबीज सोडलं, दोन वर्षं वाट पाहिली. मासे हाताएवढे झाले. आणि एप्रिलच्या एका सकाळी मॅडमच्या भावाचा, बिरूचा फोन आला. तळं पांढरं झालंय, म्हणाला. सगळे मासे पोट वर करून तरंगतायत. माझी मेंढरं पहाटे पाणी प्यायली, ती तोंडाला फेस येऊन पडलीत.

आम्ही मिळेल त्या एसटीनं निघालो. फाट्यावर उतरून चालत गेलो, तर वास अर्ध्या कोसावरूनच आला. काठावर मेलेल्या माशांचा पट्टा साचला होता. दोन कुत्री ओकत पडली होती. बिरू एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, तिचे पाय अजून झटके देत होते. मॅडमनी भावाच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि जाळी टाकली. वर आलेलं पाणी त्यांनी भिंगाखाली धरलं. एकही पाणपिसू हलत नव्हती. सगळ्या तळाशी बसल्या होत्या, राखेसारख्या.

पाळीवर गाव जमलं होतं. नागनाथचा धाकटा भाऊ सगळ्यांना समजावत होता की उन्हानं पाणी आटलं, त्यातली हवा संपली, मासे गुदमरून मेले. मॅडम सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हवा कमी पडली असती तर ती धरून ठेवायला पिसवांच्या अंगात रक्ताचा लाल रंग वाढून त्या आधी तांबूस झाल्या असत्या, आणि मासे मेले तरी त्या जगल्या असत्या, त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पंधरा दिवसांपूर्वी त्या भरपूर होत्या, धडधाकट होत्या. आज एक जिवंत नाही, आणि एकीलाही तांबूस रंग नाही. हे पिकावरचं औषध आहे, कुणीतरी ओतलंय. जनावर सोडू नका, पोरांना पाण्यात जाऊ देऊ नका. नागनाथचा भाऊ जीपकडे गेला.

दुपारपर्यंत गावकरी मेलेली मेंढरं पुरायला माळावर गेले. बिरूही गेला. आम्ही दोघंच मागं राहिलो. मॅडम वर पाळीवर बाटल्यांना सील करत होत्या. वारा सुटला होता, मी खाली पाण्याच्या कडेला लाटांच्या आवाजात जाळी आवळत होतो. एक सीलबंद बाटली माझ्या पाठीवरच्या पिशवीत होती. तेवढ्यात जीप आली. नागनाथ आणि त्याचे दोघे भाऊ उतरले.

नागनाथ आधी शांत होता. हात पुढं करून बाटल्या मागितल्या. मॅडम मान हलवून नको म्हणाल्या. त्यानं पुन्हा मागितल्या. मॅडमनी बाटल्यांची पेटी पायांमागं सरकवली. मग त्यानं हातातल्या वल्ह्यानं त्यांच्या तोंडावर मारलं. मला खालून दिसलं, सुकी फांदी मोडावी तशी त्यांची मान वळली. मॅडम गुडघ्यांवर पडल्या, पण पेटीवर पालथ्या झाल्या. धाकट्यानं त्यांचे केस धरून त्यांना ओढलं. त्यांनी त्याच्या मनगटाला असा चावा घेतला की त्यानं हात झटकून केस सोडले. नागनाथनं पाळीचा दगड उचलला, त्यांचा उजवा हात दुसऱ्या दगडावर धरला आणि ठेचला. एकदा, दोनदा, तीनदा. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या.

मी पळालो. तळ्याच्या आटलेल्या पोटातून, भेगाळलेल्या चिखलातून मी हायवेच्या दिशेनं पळालो. मधला भाऊ काही अंतर माझ्यामागं आला आणि थांबला. हैदराबादकडे निघालेल्या एका ट्रकवाल्यानं मला घेतलं. पोलिसांना घेऊन परत आलो तेव्हा पाळीवर काचांचा खच पडला होता. मॅडम बाभळीला टेकून बसल्या होत्या. ठेचलेल्या हाताला त्यांनी जाळीची पिशवी गुंडाळली होती, ती रक्तानं जड होऊन लोंबत होती. त्यांनी माझी पाठ बघितली, पिशवी बघितली आणि डोळे मिटले.

सोलापूरच्या दवाखान्यात त्यांची तीन बोटं काढावी लागली. दात तुटलेल्या तोंडानं त्यांनी जबाब दिला. त्यात एक वाक्य होतं: बाटली घेऊन पळ, असं मीच माणिकला ओरडून सांगितलं. हवालदारानं ते मला वाचून दाखवलं. मला तसं कुणी काही सांगितलं नव्हतं. मी भ्यालो होतो. पाठीवर बाटली आहे हे मला हायवेवर आल्यावर आठवलं.

पुढची काही वर्षं मी ते वाक्य अंगावर घेऊन जगलो. गावात लोक मला शाबासकी द्यायचे. मॅडम डाव्या हातानं काचपट्टी धरायला शिकल्या, डाव्या हातानं वही लिहायला शिकल्या. बाटलीतल्या पाण्यात कीटकनाशक सापडलं होतं. खटला उभा राहिला. साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं, की मॅडम, तुम्ही मला पळ म्हणाला नव्हता. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

मला ऐकू आलं नाही, मी म्हणालो. मग उद्या तेच सांग, एवढंच त्या बोलल्या.

नागनाथच्या वकिलानं मला नेमकं तिथंच धरलं. बाईला मार खाताना सोडून तुम्ही का पळालात, त्यांनी सांगितलं म्हणून? मी म्हणालो, मला काही ऐकू आलं नाही, मी भ्यालो म्हणून पळालो. पण बाटली माझ्याजवळ होती आणि तिचं सील मी कुणाला तोडू दिलं नाही. कोर्टात कुजबुज झाली. बाई खोटं बोलतायत, असं वकिलानं दोनदा म्हणून घेतलं. मॅडम पुढच्या बाकावर ताठ बसल्या होत्या. पुढं निकाल लागला. नागनाथ आणि धाकटा तुरुंगात गेले, मधला सुटला. पण त्या दिवशी ते काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की ज्या बाईनं मला वाचवलं, तिला मी भर कोर्टात खोटं ठरवलं.

मॅडम निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच हृदयविकारानं गेल्या. त्या आठवल्या की मला साक्षीच्या दिवसाची ती परतीची वाट आठवते.

कोर्टातून आम्ही उमरग्याच्या एसटीत बसलो. जळकोट यायच्या आधी तळ्याच्या फाट्यावर त्यांनी बस थांबवली आणि मला उतर म्हणाल्या. आम्ही तळ्यावर गेलो. त्या दिवसासारखाच वारा सुटला होता, लाटा काठावर आदळत होत्या. त्या बाभळीपाशी, त्याच जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, त्या दिवशी होतास तिथं जा. मी खाली पाण्याच्या कडेला गेलो, वळलो. मॅडमनी थोटा हात छातीशी धरला होता. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं, गळ्याची शीर ताणलेली दिसली. कानात फक्त वारा आणि लाटा.

त्या पाळीवरून खाली आल्या. धाप लागली होती.

"ऐकू आलं?"

"न्हाय, मॅडम."

 त्यांनी डाव्या हातानं माझ्या खांद्यावरची धूळ झटकली.

"मग तूबी खरा अन् मीबी खरी," त्या म्हणाल्या. "चल, शेवटची गाडी जाईल."