नातीचे प्रमाणपत्र

११ एप्रिल २०१९, सकाळी सव्वाआठ. लातुरातील भाड्याच्या खोलीत मी पोळ्या लाटत असताना नातीने फोन पुढे केला. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते. तिच्या जेवणाखाण्यासाठीच मी नायगाव सोडून आलो होतो. तिचा उजवा पाय जन्मतः अधू आहे. क्लासच्या जिन्यावर कठडा धरून, काठीविना चढतानाचा तिचा व्हिडिओ कोणीतरी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिले होते : ‘बोगस अपंग. आपली सीट खाणार.’

१९९३च्या भूकंपानंतर मी पुनर्वसनाच्या याद्या करणारा कारकून होतो. ज्याच्याजवळ कागद, त्याचे नाव यादीत. वाद तिथेच मिटे. त्याच सवयीने मी तिच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा फोटो काढला आणि ती अंघोळीला गेली असता तिच्याच फोनवरून ग्रुपवर टाकला. त्यावर तिचे छायाचित्र, पत्ता, फोन नंबर आणि पाय किती टक्के निकामी, हे सारे होते.

दहाच्या आत फोन आणि शिव्यांचे मेसेज येऊ लागले. एकाने विचारले, “ताई, उरलेल्या टक्क्यांवर नाचता का?” मागे पोरे हसत होती. तिने फोन पालथा ठेवला. क्लासला जाणार नाही, परीक्षाही देणार नाही, म्हणाली. मी फोटो काढून टाकला. तोवर तो इतर ग्रुपांवर गेला होता.

“आबा, त्यांनी जिना दाखवला. कागद तुम्ही वाटला. मला विचारलं होतं का?”

नाही, म्हणालो.

पोलिसांत जाऊ म्हटले, तर तक्रार मीच लिहिणार, म्हणाली आणि दुपारी सोबत आली. हवालदाराने मेसेजच्या प्रिंट चाळल्या, दोन दिवस फोन बंद ठेवण्याचा सल्ला दिला आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडायला सांगितले. माझा हात पिशवीत गेला होता.

“तक्रार शिव्यांची आहे साहेब, पायाची नाही.”

“काका, समजवा हिला.”

तिने लिहिले आहे तेवढेच घ्या, असे मी सांगितले आणि हात बाहेर काढला. कुरकुरत का होईना, त्याने शिक्का मारला. पोच तिने स्वतःजवळ ठेवली.

रिक्षात बसल्यावर तिने क्लासचा पत्ता सांगितला; साडेपाचला टेस्ट होती. दाराशी ती उतरली. सुटण्याची वेळ मी विचारून घेतली आणि रिक्षावाल्याला साडेआठला तिथेच यायला सांगितले.