मामांचं शिकागो

शिकागो शहराच्या राजकारणाची काळजी वाहणारा माणूस साऱ्या झाडीपट्टीत, आमच्या या धानाच्या मुलखात, एकच होता, तो म्हणजे नागभीडचे आमचे मामा. आणि त्या राजकारणाचा सर्वांत मोठा घोळही त्यांच्याच डोक्यात होता. मामा मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, दिवाणजी. मालगुजारी गेली तेव्हा मालगुजाराची सारी माणसं कपड्यांची गाठोडी बांधून मुकाट आपापल्या गावी परतली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांचा एकुलता एक वसंता शिकायला शिकागोला गेला आणि वॉर्डातल्या पक्षपुढाऱ्याच्या शब्दावर तिथल्याच नगरपालिकेत चिकटला. तेव्हापासून मामांचा तर्क सरळ होता. मालगुजार बुडाला की माणसं घरी येतात. तिथला पक्ष पडला की वसंता घरी येणार.

पण तो पक्ष पडायला तयार नव्हता. वसंता तिथली वर्तमानपत्रं पाठवी, ती बोटीनं दोन महिन्यांनी पोचत, आणि मामा ती स्टेशनासमोरच्या चहाच्या दुकानात मांडून बसत. तिथल्या एका पक्षाचं चित्र गाढवाचं, दुसऱ्याचं हत्तीचं. एके काळी त्या शहरात हत्तीचाही जोर होता, मग मंदी आली, लोकांची कामं गेली आणि सारं शहर गाढवाच्या मागे गेलं ते गेलंच, इथवर मामांचा इतिहास चोख असे. पुढे मात्र त्यांची गाडी रुळावरून घसरे. "देशाच्या गादीवर हत्तीवाला, शहरात गाढववाला. मंग हुकूम कोनाचा चालते?" ते विचारत. दुकानदार म्हणे, "भाऊ, हत्ती सोडून लोक गाढवाले मत काऊन देतेत?" यावर मामा ठसक्यात सांगत, "गाढववाला थंडीत घरोघरी कोळसा पोचवते. हत्तीवाल्याले वॉर्डात कोनी पाह्यलंच नाई!" आपण कोणाच्या बाजूचे, हे अशा वेळी ते साफ विसरून जात.

तिथल्या महापौराची निवडणूक चैत्रात, आणि चांद्याच्या महाकालीची यात्राही चैत्रात. हा योग साधून मामांनी नवस बोलायचं ठरवलं: शिकागोत हत्ती येऊ दे, खणानारळानं ओटी भरीन. शिकागोच्या महापौरासाठी महाकालीला नवस पहिल्यांदाच बोलला जात असावा. मामी आणि मी सोबत होतो. गाडीत मामींनी सहज विचारलं, "अवो, तुमचा हत्ती आला, तं वसंताची नोकरी जाईन ना?"

मामांनी नारळाची पिशवी उचलून मांडीवर घेतली. बिचाऱ्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. देवीसमोर पोचले तेव्हाही हातातला नारळ हातातच. मागून रेटारेटी, पुजारी खेकसतोय, "भाऊ, मागा लवकर!" आणि मामा माझ्याकडे बघून म्हणतात, "बाबू, काय मागू? मले समजूनच नाई राह्यलं." अखेर ते काहीतरी पुटपुटले आणि गर्दीनं त्यांना बाहेर ढकललं.

निकाल तिकडे केव्हाच लागला होता, पण नागभीडपुरता तो धानाच्या रोवणीच्या दिवसांत लागला. वर्तमानपत्र आलं: पुन्हा गाढवच. मामांनी ते दोनदा वाचलं, उठले आणि दुकानातल्या साऱ्यांना पेढे वाटले. "पोट्ट्याची नोकरी पक्की झाली," प्रत्येकाला सांगत होते, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. मला तेव्हा त्यांच्याविषयी फार माया वाटली.

घरी जाताना मी विचारलंच, "मामा, देवीजवळ शेवटी मागितलं तरी काय?"

मामा बांधावर थांबले. चिखलात बायका धान रोवत होत्या, तिकडे बघतच त्यांनी सांगितलं.

"म्हटलं, माय, हत्ती का गाढव, ते तुह्यं तू पाह्य. पोट्ट्याले थंडी फार बाधते, तेवढं त्याच्या घरी कोळसा कमी पडू देऊ नको."

वसंता कधी परतला नाही. मामा मात्र दर चैत्रात चांद्याला जात राहिले.