रिंगखालची जागा

मंचरच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीत चढलो तेव्हा मी नुकताच दहावी झालो होतो आणि डोकं छताला लागत होतं. आईने खिडकीतून भाकऱ्यांचं गाठोडं आत दिलं. "उपाशी खेळू नको रं," एवढंच तिला सुचलं. वडील कंडक्टरला अभिमानाने सांगत होते, "आमचं पोरगं हाय. बास्केटबॉल खेळायला चाललंय, होस्टेलला." कंडक्टरने मला खालून वर न्याहाळलं. "याला राव खेळायचं काय कारण? हात वर केला की झालं!" सगळी गाडी हसली, मीही हसलो. माझ्या आयुष्याचं वाटोळं कशात होणार ते त्या माणसाने गमतीत सांगून टाकलं होतं आणि आम्हाला ते कौतुक वाटलं. घाट चढून पेठ गाव मागे पडेपर्यंत मी मान वाकवूनच उभा होतो.

शाळासोबत्यांनो, तुमच्यापैकी जे आपल्या गावी, निरगुडसरलाच राहिले त्यांना शाळेचं मैदान सांगायला नको. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगतो. मैदान मुरमाचं, रिंग गावातल्या वेल्डरने खांबाला जोडलेली. मुरमावर टप्पा मारला की बॉल खड्यावर आपटून भलतीकडे जायचा. म्हणून पीटीच्या सरांनी नियमच केला होता, "टप्पा मारायचाच न्हाई. लांबड्याकडं फेकायचा." तो लांबडा मी. मला वेगळी ताकीद असायची, "रिंगखालनं हलायचं नाय. हात वर ठेव." सरांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्या मैदानावर दुसरं काही चाललंच नसतं. आम्ही तालुका जिंकलो, जिल्हा जिंकलो, सरांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि दोघेही पडलो.

पुढे होस्टेलवर, राज्याच्या संघात, चेन्नईच्या कंपनीच्या संघात, सगळीकडे मला रिंगखालीच उभं केलं. मॅच जिंकून देणाऱ्याची जागा कोण बदलतं? सहा फूट तीन इंच म्हणजे मला काही कमी वाटत नव्हतं.

मग देशातल्या व्यावसायिक लीगमधल्या एका टीममध्ये निवड झाली. निरगुडसरच्या चौकात माझा फ्लेक्स लागला, त्यावर मी चौकापेक्षाही मोठा दिसत होतो. इकडे टीमच्या सरावाला पहिल्याच दिवशी बूट काढून सगळ्यांची उंची मोजली. रिंगखाली उभी राहणारी माणसं माझ्याहून वीतभर उंच होती. त्यांच्याशी बोलताना मला आयुष्यात पहिल्यांदा मान वर करावी लागली. कोच सरळ म्हणाले, "तेरी हाइट का आदमी इधर बॉल लेके आता है." म्हणजे टप्पे मारत, समोरच्याला चुकवत, बॉलकडे न बघता. मी पंचविशी गाठलेला माणूस टप्पा मारायला शिकू लागलो. पहाटे सगळ्यांच्या आधी जिममध्ये जायचो. लाकडी फ्लोअर, बॉल अगदी सरळ वर यायचा, तरी माझी नजर खालीच जायची आणि तेवढ्यात कोणीतरी बॉल पळवायचं. हात ऐकतच नव्हते. पोहायला न शिकलेल्या माणसाला म्हातारपणी विहिरीत ढकलावं तशी माझी गत झाली.

अख्खा सीझन बेंचवर बसलो. वडील गावाकडे मोबाइलवर प्रत्येक मॅच बघायचे. संपली की फोन यायचा, "दिसला बरं का! तुमच्यातल्या त्या अमेरिकन खेळाडूला टॉवेल दिलास तवा दिसला. लई झ्याक." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरा आनंद होता. तो ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडायचो.

पुढच्या सीझनला टीमचा फोन आला नाही. कंपनीची नोकरी लीगसाठी सोडली होती, तीही परत मिळाली नाही. आता चेन्नईतच एका मोठ्या सोसायटीत संध्याकाळची बॅच घेतो. पोरं मला 'अण्णा' म्हणतात. सगळ्यात आधी ड्रिबलिंग, म्हणजे टप्पा मारणंच, शिकवायचं, असा पालकांचा आग्रह असतो. ती चिमुरडी दोन्ही हातांनी टप्पे मारतात, बॉलकडे न बघता, माझ्याशी गप्पा मारत. मला त्यांचा हेवा वाटतो. एवढ्याएवढ्या पोरांचा हेवा करतो, याची लाजही वाटेनाशी झाली आहे.

वडिलांना सगळं संपलं म्हणून सांगितलं तेव्हा आधी दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "घरी ये की मग. ऊस हाय, कांदा हाय. सर बी म्हनत्यात, पोरास्नी शिकवायला तुलाच बोलवू. फकस्त तुज्या आईला एवढ्यात सांगू नको."

येऊन काय शिकवू? मैदान अजून मुरमाचंच आहे. तिथे मलाही सगळ्यात उंच पोर शोधून रिंगखालीच उभं करावं लागेल, आणि ते पोर जिंकायला लागेल. शिवाय खरं सांगायचं तर, जिथे मी अजून उंच आहे अशी निरगुडसर ही एकच जागा उरली आहे. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढंच. तिथे पाऊल टाकलं की तेही जाईल.

आई दर रविवारी फोन करते. "कवा येतो?" विचारते.

"सीझन संपला की," मी सांगतो.