राक्षसाच्या पट्टीतली मुलगी

माझं लग्न जमत नव्हतं ते माझ्या आवाजामुळे. रंग खपला असता, उंचीही खपली असती. पण चहा देताना मी "साखर घालू?" एवढं विचारलं, तरी नवऱ्या मुलाची आई दचकून दाराकडे बघायची, हा कोण पुरुष आत आला म्हणून.

पनवेलात त्या काळी घरागणिक एक वैद्य होता, निदान स्वतःला तसा समजणारा. आईने एकेकाची औषधं करून पाहिली. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, मधातून मिरपूड झाली. माझं दही बंद, चिंच बंद, लोणचं तर समोरून न्यायचीसुद्धा बंदी. आवाज जिथल्या तिथे. दारावर येणारी मासळीवाली टोपली उतरवता उतरवता आईला म्हणाली, "अगो बाय, कशाला पोरीला छलतेस? आमच्यात आसा आवाज आसता तं खाडीतल्या होरीवरच्या नवऱ्याला हाक मारायला बरा. आमाला तं पायजेच आसा." आईने त्या दिवशी मासळी घेतली नाही.

शेवटी तिने मला मास्तरांकडे नेलं. मास्तर तळ्याकाठी, भाताच्या गिरणीमागे एका खोलीत एकटे राहायचे. त्यांची अर्धी हयात संगीत नाटक कंपनीत गेली होती. पोरवयात ते नायिका होत. मग मिसरूड फुटलं, आवाज फुटला आणि खाली उतरायला लागला, तो उतरतच गेला. मालकाने लुगडं काढून घेतलं आणि मिशा लावल्या. तेव्हापासून कंपनी बंद पडेपर्यंत ते राक्षस. आता आमच्या संगीत नाटकात पदं असायची नायकाला आणि नायिकेला. राक्षसाने गडगडाटी हसायचं आणि तिसऱ्या अंकात मरायचं.

गावाला मास्तरांचा फार अभिमान. दर गणेशोत्सवात त्यांना शाल-नारळ मिळे, पनवेलचं भूषण म्हणून भाषणं होत, आणि भाषणं संपली की मंडळाचे अध्यक्ष हात जोडून म्हणत, "मास्तर, आता एकदा हसून दाखवा." मास्तर हसत. मंडपाचे बांबू थरथरत, पोरं रडायला लागत, टाळ्या पडत. गाऊन दाखवा असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

"मास्तर, हिचा आवाज जरा बारीक करून द्या," आई म्हणाली. शिंप्याकडे पोलकं टाकावं तसं.

"ठेवून जा," मास्तर म्हणाले. कोपऱ्यातला तांब्या घुमला.

त्यांच्या तंबोऱ्याला वाळवी लागली होती, पण त्याच्यावाचून अडत नव्हतं. सकाळी गिरणी सुरू झाली की तिची घरघर भिंतीतून खोलीत यायची. त्या घरघरीवर आम्ही सा लावायचो, अगदी खालचा. कोंडा नाकातोंडात जायचा. मी सवयीने आवाज वर चोरला की मास्तर मांडीवर थाप मारायचे. "वर कुणीही जातं. खाली उतर. आणि घाबरू नको, तळ लागतो."

पहिल्यांदा ते स्वतः गायले तेव्हा मी भिंतीला पाठ टेकून बसले होते. तो स्वर आधी पाठीला कळला, मग कानाला. मला रडू आलं. असा आवाज असलेल्या माणसाला जन्मभर हसायला लावलं, याचा मला संताप आला होता, तो अजून गेलेला नाही. त्या दिवसापासून मी मास्तरांची भक्त झाले. त्यांनी एकदा "छान" म्हणावं म्हणून जीव टाकायचे. ते फार तर "ठीक" म्हणत.

आवाज फुकट घालवू नको, असं त्यांनी बजावल्यामुळे मी घरी कमी बोलायला लागले. आईला वाटलं, आवाज बारीक होतोय. तिने शेजारपाजारी तसं सांगितलंसुद्धा.

मग पेणचं स्थळ आलं. मध्यस्थ होते तेच, मंडळाचे अध्यक्ष. आईने मला आधीच सांगून ठेवलं होतं: लग्न जमलं तर शिकणं बंद, कारण सासरी गाणं काय करायचंय? आणि मोडलं तर शिकणं बंद, कारण मग उपयोग काय झाला? म्हणजे काहीही झालं तरी माझी गिरणीमागची खोली गेलीच होती.

पोहे झाले आणि ठरल्याप्रमाणे "मुलगी गाते वाटतं?" असा प्रश्न आला. शेजारचे काका पेटी घेऊन तयारच होते. त्यांनी बायकांची उंच पट्टी, काळी चार धरली. मी म्हटलं, "काका, काळी एक."

"अगं, ती पुरुषांची!" काका हसले. पाहुणेही हसले. आईने मला डोळ्यांनी दटावलं.

मी शूर वगैरे नव्हते. पण शेवटचंच गायचंय तर किंचाळून कशाला, असं वाटलं. मी काळी एकमध्येच देवीचं पद सुरू केलं. काका पेटीवर धडपडत खाली आले. मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. नवरा मुलगा शेवटी "छान" म्हणाला, तेही इतक्या नाजूक आवाजात, की तो आवाज मला मिळता तर आईची सगळी औषधं वाचली असती.

दोन दिवसांनी अध्यक्ष निरोप घेऊन आले. "मुलगी गुणी आहे हो. पण ते म्हणतात, आवाज थेट मास्तरांसारखा लागतो. आता तुम्हीच सांगा." दर वर्षी मास्तरांना शाल पांघरणारा माणूस हे सांगताना ओशाळला होता, तो आमच्यासाठी.

आईने पायात चपला सरकवल्या, माझा दंड धरला आणि तरातरा गिरणीमागे निघाली. दारातूनच सुरू झाली, "बारीक करायला सांगितला होता तुम्हाला! स्थळ मोडलं! म्हणाले, मुलीचा आवाज थेट मास्तरांसारखा लागतो!"

मास्तर उठून उभे राहिले. "काय म्हणाले?"

"तुमच्यासारखा लागतो म्हणाले!"

"कुठल्या पट्टीत गायली?"

"काळी एक," मी म्हटलं.

"आणि काय म्हणाले? पुन्हा सांगा, ताई."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला होता. ती म्हणाली, "थेट मास्तरांसारखा." या वेळी तिने ते सावकाश सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते. लांबून गिरणीचा आवाज आला. आईने माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली. "मी बघते इथलं," ती म्हणाली. "तू जा. मास्तर खोळंबले असतील."