एवर्टनं शिकवलेली गाडी

इथे दूर उत्तरेत डिसेंबरात आमचं तळं गोठलं की त्यावर चाचणीसाठी गाड्या येतात. बाजारात अजून न आलेल्या, रूप ओळखू येऊ नये म्हणून काळ्यापांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या. त्यांच्याबरोबर आलेले जर्मन इंजिनिअर एप्रिलपर्यंत माझ्या खाणावळीत जेवतात. रेनडिअरचा रस्सा तिसऱ्या दिवशी त्यांना नकोसा होतो, पण दुसरं जेवायला गावात जागा नाही.

एवर्ट लुंडमार्क त्यांच्यासाठी तळ्यावरचा बर्फ साफ करायचा. आधी तो लाकडाचे ट्रक चालवत असे. एकदा ओंडका खांद्यावर पडला आणि डावा हात छातीच्या वर उचलेनासा झाला. ट्रक सुटला, ट्रॅक्टर आला.

एका सकाळी एक जर्मन पोरगा दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार पळवत होता. गाडी दांडगी, पण सगळा जोर मागच्या चाकांना. वळण आलं की तिचं बूड फिरायचं आणि ती कडेच्या बर्फात घुसायची. एवर्टनं ती सात वेळा ओढून काढली. आठव्या वेळी दोर न बांधता तो काचेवर टकटक करून म्हणाला, "उतर."

"का?"

"माझं डिझेल संपत आलंय म्हणून. उतर."

त्यानं त्याच गाडीतून तळ्याला पूर्ण फेरी मारली. गाडी तिरकी जात होती, पण जायची तिथेच जात होती. काठावर कॉफी पिणारे सगळे कप खाली ठेवून बघू लागले. दुसऱ्या दिवसापासून एवर्ट त्यांचा ड्रायव्हर झाला, आणि पुढची अकरा वर्षं राहिला.

"मागची चाकं ढकलतात, पुढची वाट दाखवतात," तो नव्या पोरांना सांगायचा. "ढकलणाऱ्याला घाई झाली की वाट दाखवणारा खड्ड्यात."

"आमच्या घरात असंच आहे," त्याची बायको गुन्वोर म्हणायची. "फक्त हा ढकलतही नाही."

मग कंपनीची नवी इंजिनिअर फ्राउके आली. तिशीची, हुशार, नम्र. तिला गाडीला बर्फ शिकवायचा होता. ड्रायव्हर कसाही असो, गाडीनं आपणच सावरायचं. त्यासाठी तिनं एवर्टच्या पायाला, मनगटाला, स्टिअरिंगला तारा लावल्या. दोन हिवाळे तो तसाच फेऱ्या मारत होता.

"हृदयरोग्यासारखा दिसतोस," मी म्हटलं.

"अगं, पेडलवरून पाय किती वेळ उचलतो तेही त्यांना कळतं! मला स्वतःला माहीत नाही!" तो इतका खूश होता की रस्सा दोनदा मागून घेतला.

फ्राउके रविवारी त्याच्या घरी जेवायची. गुन्वोरनं तिला लोकरीचे हातमोजे विणून दिले. तारांना जे कळत नसे ते एवर्ट तिला तोंडानं सांगायचा. ताज्या बर्फाखाली जुना बर्फ असला की सीटखाली आवाज कसा बदलतो, वारा तळ्यावरून येतो तेव्हा वळणाआधी पेडल कुठे हलकं सोडायचं. कोणी विचारलं नव्हतं तेही सांगायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात तिनं त्याला शेजारी बसवलं. "आज तुम्ही फक्त बघा," म्हणाली, आणि तळ्यातल्या बेटाजवळच्या वळणावर तिनं मुद्दाम जोरात पेडल दाबलं. मागची बाजू सुटली. फ्राउकेनं स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. गाडीनं जोर कमी केला, चाक आपणच फिरवलं. एका झटक्यात नाही. अर्धं, मग क्षणभर थांबून उरलेलं.

"थांबव," एवर्ट म्हणाला.

तिनं गाडी थांबवली.

"ते दोनदा का वळलं?"

"तुम्ही तसं वळवता. डावीकडे नेहमी दोन टप्प्यांत. आम्ही एका टप्प्यात करून पाहिलं, पण तुमचंच जास्त चांगलं निघालं." ती हसत होती. तिला वाटलं, त्याला आनंद होईल.

"माझा खांदा उचलत नाही म्हणून मी तसं करतो," एवर्ट म्हणाला.

तो खाली उतरून चालत काठावर आला. हे त्यानं मला त्याच दुपारी सांगितलं, टोपीही न काढता.

पुढच्या ऑक्टोबरात कंपनीचं पत्र आलं. दोन ओळी: आता ड्रायव्हरची गरज नाही. खाली आभार. एवर्टनं फ्राउकेला फोन केला.

"तुमच्याशिवाय हे झालंच नसतं," ती म्हणाली. मनापासूनच म्हणाली असणार.

"हो. आणि आता माझ्याशिवाय चालतंय," एवर्ट म्हणाला आणि फोन ठेवला.

बर्फ साफ करायचं जुनं काम त्याला परत देऊ केलं होतं. तो गेला नाही. आता तो म्हाताऱ्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात नेण्या-आणण्याची गाडी चालवतो. तळ्याकडचा रस्ता जवळचा असूनही लांबून जातो. मागे बसलेल्या बायका कुरकुरतात.

मी एकदा विचारलं, "राग येत नाही तुला?"

"राग आला असता तर बरं होतं," तो म्हणाला. "चोरलं असतं तर शिव्या दिल्या असत्या. मीच दिलं गं सगळं. ती विचारायच्या आधी. आणि देताना मला वाटत होतं, कोणीतरी पहिल्यांदाच माझं नीट ऐकतंय."

"ऐकतच होती ती."

"हो ना," तो म्हणाला. "तेच."

या फेब्रुवारीत फ्राउके पुन्हा माझ्याकडे जेवायला आली. हातात तेच मोजे. "एवर्टना भेटायचंय," म्हणाली. मी स्वयंपाकघरातून फोन लावला.

"सांग, घरी नाही," एवर्ट म्हणाला.

"अरे, पाच मिनिटं भेट. वाईट नाही ती."

"माहीत आहे मला. म्हणूनच सांग, घरी नाही."

मी बाहेर येऊन सांगितलं. तिचा चेहरा उतरला. रस्सा अर्धा टाकून उठली, दारात वळली. "त्यांना सांगा, आम्ही रोज त्यांची आठवण काढतो."

"सांगेन," मी म्हटलं आणि तिचं ताट उचललं. सांगितलं नाही.